वस्तीचे आरोग्य शिकवणारी पदवी हवी : आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक


हे पत्र एकाच मागणीसाठी आहे, म्हणून ती आधी सांगून टाकणे बरे. आपल्या विद्यापीठाने बारावीनंतर प्रवेश देणारी, चार वर्षांची, समुदाय आरोग्याची पदवी सुरू करावी. ती कला शाखेच्या मुलामुलींनाही खुली असावी, मराठीतून शिकवली जावी आणि तिच्यातून डॉक्टर घडवायचा नाही हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट असावे. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या विषयाची चर्चा निघाली की ती लगेच ‘खेड्यात डॉक्टर जात नाहीत, मग कमी शिकवलेले डॉक्टर तयार करायचे का’ या प्रश्नावर येते आणि तिथेच थांबते. माझे म्हणणे वेगळे आहे. उद्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन-दोन मेडिकल ऑफिसर मुक्कामाला राहिले, तरी एक मोठे काम तसेच पडून राहील. एखाद्या माणसाला काय झाले आहे हे पाहणारे आपल्याकडे आहेत. एखाद्या वस्तीला काय होते आहे हे ओळखणे, ते मोजणे, त्याचे कारण शोधणे आणि तिथल्या लोकांना बरोबर घेऊन ते बदलणे हे काम कोणाचे, याचे उत्तर आपल्या व्यवस्थेत अंधूक आहे. ते वेगळे शास्त्र आहे, वेगळी कारागिरी आहे आणि कोणत्याही कारागिरीसारखी ती कोवळ्या वयात, हाताखाली राहून शिकावी लागते.

बीड जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये आधी पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी चव्हाट्यावर आणला. मग शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात सुमारे १७. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शंभरात तीनच्या आसपास होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की छाती दडपते, पण एवढ्यावर निष्कर्ष काढायचा नसतो. दोन्ही पाहण्यांतल्या बायकांची वये सारखी होती का, हे आधी तपासायचे असते. ही शंका घेता येणे आणि ती फेडता येणे हा या विद्येचा पहिला धडा. दुसरा धडा आणखी अवघड आहे. बाई दवाखान्यात येते ती ‘अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते’ असे सांगत. डॉक्टरसमोर एक शरीर असते, त्यातला एक अवयव असतो आणि हातात दहा मिनिटे असतात. तिच्या दुखण्याचा अर्धा भाग मात्र तिथे दिसतच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. मुकादमाकडून दोघांच्या नावावर उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले की खाडा धरला जातो आणि त्याचा दंड हिशेबात चढतो. पहाटे फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन वाहनात चढवायच्या, पालाशेजारी ना संडास ना न्हाणी. अशा ठिकाणी पाळीचे चार दिवस म्हणजे खाड्याचे भय. त्यात लग्न लवकर झालेले, मुले लवकर झालेली, म्हणजे ‘आता पिशवीचा उपयोग काय’ हा सल्ला तिला आणि घरच्यांना पटायला वेळ लागत नाही. दुखण्याचे एक टोक पोटात आहे आणि दुसरे मजुरीच्या करारात. शल्यशास्त्राच्या पुस्तकात उचलीवर प्रकरण नसते आणि ते असावे अशी अपेक्षाही नाही. पण कुठल्या तरी पुस्तकात ते असायला हवे. दरवर्षी गावागणिक, वयागणिक, दवाखान्यागणिक किती शस्त्रक्रिया झाल्या हे मोजणारा एक प्रशिक्षित माणूस तालुक्यात बसवलेला असता, तर हा आकडा १३,८६१ वर जाण्याच्या कितीतरी आधी कोणाच्या तरी नजरेला खुपला असता.

हे उदाहरण टोकाचे वाटत असेल तर रोजचे एक सांगण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोपऱ्याला टीसीएल पावडरचे पोते असते. ताज्या पावडरीत उपयोगी पडणारा क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोत्याचे तोंड उघडे राहिले, दमट हवा लागली की तो कमी होत जातो, पण पावडर दिसायला होती तशीच पांढरी राहते. जलसुरक्षक नेहमीचे माप टाकीत टाकतो. आरोग्यसेवक येऊन काचेच्या नळीत पाणी घेतो, ओटी द्रावणाचे थेंब टाकतो, पिवळा रंग आला की वहीत तशी नोंद होते. सगळे नियमाप्रमाणे झालेले असते. आता प्रश्न असा की पाणी घेतले कुठल्या नळाचे? टाकीजवळच्या नळाला पिवळा रंग येतो. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाइप गटारातून गेलेला असतो आणि पाणी अर्धा तास येते, तिथे नळी तशीच नितळ राहते. घरच्या नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, हा नियम त्याच शेवटच्या नळासाठी केलेला आहे. आणि गावाच्या शेवटच्या टोकाला कोणाची वस्ती असते हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. म्हणजे पाण्याच्या एका साध्या तपासणीत रसायनशास्त्र आहे, नकाशा आहे आणि गावातली जातही आहे. तीनही गोष्टी एकत्र वाचता आल्या तरच तपासणी खरी. पाणी किती सुरक्षित आहे त्यानुसार गावांना वाटल्या जाणाऱ्या लाल, पिवळ्या, हिरव्या कार्डांचा रंगही शेवटी याच वाचनावर अवलंबून आहे. हे फक्त खेड्याचे दुखणे नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले, संख्या दोनशेच्या घरात गेली, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि साऱ्यांचे लक्ष पाण्याकडे वळले. इतकी रुग्णालये असलेल्या शहरात व्हेंटिलेटर मिळाले. पालिकेत नव्याने आलेल्या गावांमध्ये कोणते घर कुठले पाणी पिते याचा हिशेब मात्र साथ आल्यावर मांडावा लागला.

आज हे काम कागदावर पुष्कळांकडे वाटलेले आहे. सुमारे ७० हजार आशाताई, त्यांच्यावर गटप्रवर्तक, उपकेंद्रात आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक, २०१८ नंतर आलेले समुदाय आरोग्य अधिकारी, वर मेडिकल ऑफिसर. सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. यातले समुदाय आरोग्य अधिकारी हे नाव माझ्या मागणीच्या सर्वांत जवळचे आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. या पदावर आपल्याकडे प्रामुख्याने आयुर्वेद आणि नर्सिंगचे पदवीधर येतात. त्यांना सहा महिन्यांचे जोडशिक्षण दिले जाते. माणसे कष्टाळू आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण साडेचार वर्षे रुग्ण तपासायला शिकलेल्या माणसाला सहा महिन्यांत वस्ती तपासायला शिकवता येईल, हे गृहीतच चुकीचे आहे. शिवाय त्याचा दिवस ओपीडी, औषधांचा साठा आणि पोर्टलवरच्या नोंदींत जातो. नोंदी वर जातात, त्यांचा अर्थ लावून तो खाली गावात परत आणणारे कोणी नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, पाचव्या फेरीत ५४ टक्के. पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून ३५ वर गेले. या काळात राज्यात रुग्णालये वाढली, तपासण्या वाढल्या, योजनाही वाढल्या.

आता पुराव्याची दुसरी बाजू. वस्तीच्या पातळीवर शास्त्रशुद्ध काम केले तर काय होते, हे जगाला महाराष्ट्रानेच दाखवले आहे. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या, बहुतेक न शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत बायकांना नवजात बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवले. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांचा विचार करता, ६२ टक्क्यांनी उतरले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि पुढे घरोघरी नवजात बालसेवा हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. या दोन्ही दांपत्यांबद्दल एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. चौघेही उत्तम डॉक्टर होते, आणि तरीही चौघांनाही पुढे सार्वजनिक आरोग्य शिकायला अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जावे लागले. म्हणजे डॉक्टरकी पुरेशी नव्हती, तिच्यापलीकडची एक विद्या लागत होती, हे आपल्या सर्वांत नावाजलेल्या माणसांच्या आयुष्यातच लिहिलेले आहे. मग आरमोरीच्या किंवा धडगावच्या मुलीने ती विद्या मिळवायला आधी डॉक्टर आणि मग परदेश असा वळसा का घ्यावा?

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांच्या संघटनांचा येईल : हा मागच्या दाराने भोंदू वैद्यक आणण्याचा डाव आहे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्याला इतिहास आहे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशातल्या ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टरांपैकी २९,८७० परवानाधारक, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले होते. समितीने तो वर्ग बंद करून एकच पायाभूत डॉक्टर घडवावा असे सुचवले. त्यानंतर ती जागा भरण्याचे प्रयत्न पुन:पुन्हा झाले. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, त्याचे नाव काय आणि पदवीधराने स्वतःला काय म्हणवायचे यावरून आंदोलने झाली आणि थोड्याच तुकड्यांनंतर तो बंद पडला. २०१० च्या एका अभ्यासात मात्र त्याच अभ्यासक्रमातून आलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक प्राथमिक उपचारांत एमबीबीएस मेडिकल ऑफिसरच्या तोडीचे आढळले. आसामने २००४ मध्ये कायदा करून जोरहाटला असाच अभ्यासक्रम चालवला. तो कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्याच वेळी त्या विद्यार्थ्यांना समुदाय आरोग्य व्यावसायिक म्हणून काम करू देणारा २०१५ चा आसामचा नवा कायदा न्यायालयाने वैध ठरवला. केंद्रात, दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चर्चेत आलेल्या बी.एस्सी. समुदाय आरोग्य या तीन वर्षांच्या पदवीला संसदेच्या स्थायी समितीने विरोध केला, नोव्हेंबर २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि तरी ती रुजली नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या ३२ व्या कलमाने मर्यादित परवान्याची वाट ठेवली, तेव्हा देशभर डॉक्टर संपावर गेले. या साऱ्यातून मला एकच बोध दिसतो. प्रत्येक वेळी या पदवीचे मोजमाप डॉक्टरच्या फूटपट्टीने झाले. औषध लिहिण्याचा अधिकार किती, एवढाच वाद उरला आणि समुदाय हा शब्द नावापुरता राहिला. म्हणून माझी मागणी अशी आहे की या पदवीधराला स्वतंत्र उपचाराचा परवाना मागूच नये. प्रथमोपचार आणि आशाताईला आज जेवढी परवानगी आहे तेवढे पुरे. त्याची शक्ती वेगळ्या ठिकाणी असावी : नोंदी मागवण्याचा, साथीचा तपास सुरू करण्याचा, पाण्याचा नमुना कुठूनही घेण्याचा आणि गावाचा वार्षिक आरोग्य अहवाल ग्रामसभेत मांडण्याचा अधिकार. डॉक्टरांच्या ताटातले काही न घेता हे ताट मांडता येते.

दुसरा आक्षेप असा की एमबीबीएसला पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, हा विषय आहेच आणि त्यावर एमडी, एमपीएच आहेत, तेव्हा आणखी एक पदवी कशाला? सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक नवी तुकडी आश्रमात राहते, एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिर करते. ते महाविद्यालय आपल्याच विद्यापीठाशी संलग्न आहे आणि हा देशातला उत्तम प्रयोगांपैकी एक आहे. पण तिथेही गावात मुक्कामाचे दिवस थोडेच असतात, कारण विद्यार्थ्याला पुढे शल्यक्रिया शिकायची आहे, पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करायची आहे. त्याच्या दृष्टीने गाव हा एक विषय आहे, उत्तीर्ण होण्यापुरता. एमपीएचचे म्हणाल तर तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, बहुधा इंग्रजीत, मोठ्या शहरात, आणि त्यातून बाहेर पडणारी हुशार मुले प्रकल्पांच्या कचेऱ्यांत जातात. त्यांना दोष देता येत नाही, तालुक्यात त्यांच्यासाठी खुर्चीच नाही. गणिताचा शिक्षक घडवायचा तर आपण त्याला आधी दुसऱ्या शास्त्राची पदवी घ्यायला लावत नाही. बीए, बीएस्सीला अर्थशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र हे मूळ विषय म्हणून शिकवले जातात. माणसांच्या समूहाचे आरोग्य हा विषय त्यांच्यापेक्षा कमी खोल नाही.

जामखेडचेच उदाहरण उलटे वापरून आणखी कोणी म्हणेल की न शिकलेल्या बायकांनी जे केले त्याला पदवी कशाला लागते? त्या बायका आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत, अडचणी मांडत, पुन्हा गावात जात. त्यांच्यामागे वर्षानुवर्षे शिकवणारे, चुका दुरुस्त करणारे, त्यांनी आणलेल्या माहितीला अर्थ देणारे जाणकार होते. आज ७० हजार आशाताईंच्या मागे असे जाणकार किती आहेत? ही पदवी आशाताईची जागा घेण्यासाठी नको, तिला आधार देण्यासाठी हवी. आणि बारावी झालेल्या आशाताई, आरोग्यसेविका यांच्यासाठी तिच्यात राखीव जागा हव्यात, त्यांच्या फिल्डवरच्या वर्षांचे गुण धरायला हवेत. ज्या बाईने दहा वर्षे घरोघर फिरून बाळंतपणांच्या नोंदी ठेवल्या, तिला वरची पायरीच नसणे हा अन्याय आहे.

नोकरीचा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि त्याला गोड उत्तर माझ्याकडे नाही. पदवी आधी आणि पदे नंतर असा क्रम लावला तर छत्तीसगडची पुनरावृत्ती होईल, मुलांची चार वर्षे वाया जातील. म्हणून शासनाने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामागे आणि महापालिकांच्या प्रत्येक प्रभागामागे एक कायम पद मंजूर केल्याशिवाय आपण प्रवेश सुरू करू नयेत. अशी अट घालण्याचे वजन विद्यापीठाकडे आहे. कायद्याची चौकट आता तयार आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात समुदाय आरोग्य प्रवर्तक हा व्यवसाय नोंदलेला आहे आणि आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवण्यासाठी किमान ३,६०० तासांच्या पदवीची अट आहे. चार वर्षांत त्याहून जास्त तास सहज बसतात, आणि त्यातले निम्मे तरी वर्गाबाहेरचे असावेत.

शिकवायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न मला तितका अवघड वाटत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत पीएसएमचे विभाग आहेत, मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था शेजारी-शेजारी आहेत, गडचिरोली, जामखेड, सेवाग्राम, वढू इथे प्रत्यक्ष कामाची परंपरा आहे. अवघड आहे ते भाषेचे. आकडेवारी मराठीत शिकवणारी पुस्तके लिहावी लागतील आणि विद्यार्थ्याला मराठीशिवाय माडिया, कोरकू किंवा पावरीपैकी एक बोली परीक्षेचा विषय म्हणून घ्यावी लागेल. कोरकू बोलणाऱ्या आईला मराठीतून विचारले की बाळ कधीपासून दूध ओढत नाही, तर उत्तर मिळते, पण ते खरे असेलच असे नाही. प्रवेशाला नीट नको. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांवर विद्यार्थी बसले. त्या रांगेच्या शेपटाला ही पदवी बांधली तर ती कायमची हुकलेल्यांची पदवी ठरेल. मुलगा किंवा मुलगी ज्या तालुक्यात राहते त्या तालुक्यातून निवड व्हावी.

शेवटच्या वर्षाची परीक्षाही ग्रामसभेत व्हावी. विद्यार्थ्याने त्या गावातले वर्षभराचे जन्म, मृत्यू, शस्त्रक्रिया, आजारपणे, पाण्याचे नमुने लोकांपुढे मांडावेत, लोकांनी प्रश्न विचारावेत आणि परीक्षकांनी मागे बसून ऐकावे. पहिली तुकडी बीडमध्ये असावी असे मला वाटते. दसऱ्यानंतर कोयते गाव सोडू लागतात. त्याआधी हे विद्यार्थी त्या गावांत पोचलेले असावेत, म्हणजे ट्रकमध्ये कोण कोण चढते आहे, कोणाला कितवा महिना आहे, कोणाचे मूल लसीविना आहे आणि कोणाच्या पिशवीत कुठल्या दवाखान्याची चिठ्ठी आहे, याची यादी टोळी निघण्यापूर्वी तयार असेल आणि तिची एक प्रत साखर कारखान्याच्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टोळीच्या आधी पोचलेली असेल.